उघड्या पेटीतलं स्वच्छ पाणी

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मातीला हात न लावता दिवस काढणारी माणसं बरीच असतात. कुणी कागद लिहितं, कुणी यंत्रावरचा आकडा वाचतं. मावशीचे हात मात्र बावीस वर्षं मातीतच होते, आणि तेही माती घालवण्यासाठी. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून पाठवलेले नमुने तपासून झाले की भांडी तिच्या मोरीवर येत. बीकर, काचनळ्या, बाटल्या, बश्या, दिवसाला दीडशे तरी. पहिलं पाणी साधं, दुसरं साबणाचं, तिसरं पुन्हा साधं आणि शेवटचं शुद्ध केलेलं, मोजून ओतायचं. धुतलेली बाटली ती खिडकीच्या उजेडाला धरायची. पलीकडचं झाड पानापानासकट दिसलं तर बाटली पास, नाहीतर परत मोरीत.

"आपल्याकडे दोन परीक्षा होतात," प्रयोगशाळेतले लोक म्हणत, "एक मातीची आणि एक मावशीची. दुसरीत नापास होणारे जास्त."

तिला सगळेच मावशी म्हणत. तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला गाडीचा ड्रायव्हरसुद्धा. त्याचं नाव कागदावर काहीही असो, तो सगळ्यांचा हळूभाऊ होता, कारण मागून येणारी सायकलही घंटी वाजवून त्याच्या गाडीच्या पुढे जायची. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "तुमच्या गाडीत पेट्या नाहीत. माझ्या गाडीत आहेत."

या पेट्या तीन होत्या. लाकडाच्या, आतून पत्रा लावलेल्या, हातभर लांब आणि चार बोटं खोल. पुढच्या टोकाला एक छोटी पन्हळ. तिन्हींत सारखीच माती, पण पहिलीवर दाट गवत उगवलेलं, दुसरीवर वाळक्या पानांचा थर आणि तिसरी उघडी, बोडकी. पेट्या उतरत्या ठेवायच्या, पन्हळीखाली काचेच्या बरण्या ठेवायच्या आणि तिन्हींवर सारख्याच उंचीवरून सारखंच पाणी शिंपडायचं. गवताच्या पेटीतून पाणी थांबून थांबून आणि नितळ येई. पानांच्या पेटीतून फिकट चहासारखं. उघड्या पेटीतून मात्र भसकन चिखल. बरणीकडे बघून मुलं "ईऽऽऽ" करत, आणि जमिनीवर पांघरूण का हवं, हे त्या एका "ईऽऽऽ"मध्ये त्यांना कळून चुके.

हा खेळ सुरू केला होता प्रयोगशाळेतल्या मॅडमनी. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला दोन प्राथमिक शाळा. मॅडम बोलायच्या, मावशी पाणी शिंपडायची आणि शेवटी बरण्या धुवायची. तीन वर्षं असं चाललं. मग मॅडमची मुख्य कार्यालयात बदली झाली आणि त्यांची खुर्ची रिकामी राहिली. शाळांना मात्र तारखा आधीच कळवलेल्या होत्या.

पहिल्याच शाळेत मावशी नुसता निरोप सांगायला म्हणून गाडीतून उतरली. वर्गाबाहेर साठ जोडी बूट ओळीने लावलेले. आत साठ मुलं मांडी घालून बसलेली.

"मॅडमची बदली झाली," मावशी दारातूनच म्हणाली. "त्या येणार नाहीत."

पुढच्या ओळीतल्या एकाने मान वाकडी करून तिच्यामागे गाडीकडे बघितलं. "मग पेट्यापण नाही आल्या?"

पेट्या तर आल्या होत्या. खोटं कसं बोलणार?

पाऊण तासाने ती परत आली तेव्हा हळूभाऊची एक झोप काढून झाली होती. "निरोप फारच लांबला, मावशी," तो डोळे चोळत म्हणाला.

तो निरोप पुढे दीड वर्षं लांबला.

कुणी तिला शिकव म्हटलं नव्हतं, तसं कुणी नकोही म्हटलं नव्हतं. ती आधी मोरी आवरायची, मग गाडीत बसायची. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण मॅडमच्या कपाटातल्या पुस्तिका तिने एकेक करून घरी नेल्या आणि ओळींवर बोट ठेवून वाचून काढल्या. अडलं की प्रयोगशाळेतल्या कुणालाही धरून विचारायची. "बोटभर जाडीची माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात म्हणे. खरं का हो?" समोरचा हो म्हणाला की पुढचा प्रश्न तयार, "मग मोजलं कुणी? एवढा वेळ कोण बसलं होतं?" लोक तिला येताना बघून वाट बदलायला लागले.

तिच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, राहत्या खोल्यांच्या पुढच्याच अंगाला. त्याने तिच्यासाठी तीन सारखे डबे घेऊन त्यांच्या तळाला बारीक भोकं पाडली, प्रत्येकात छत्तीस. "एकही कमी-जास्त नाही," तो सांगायचा. "पाऊस कुणावर अन्याय करणार नाही." मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती फोनवर विचारायची, "आई, तू नक्की काय काम करतेस आता?" मावशी म्हणायची, "तेच गं, बाटल्या धुते. मधल्या वेळात मास्तरीण असते."

वर्गात ती कधी "माती वाचवा" असं म्हणत नसे. "असं म्हटलं की मुलं जांभया देतात," तिचं म्हणणं. ती मूठभर ओली माती फिरवायची आणि वास घ्यायला लावायची. शेतातली माती आणि रस्त्याकडेची माती डोळे बंद करून ओळखायला लावायची. मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर म्हणायची, "थांब, हे कसं काय सुचलं तुला? सांग बरं." चुकलेल्या मुलाला वाटे की आपण काहीतरी मोलाचं बोललो. तिला मातीमावशी हे नाव मुलांनीच दिलं. परतीच्या वाटेवर हळूभाऊ तिला चिडवायचा, "मातीमावशी, जरा खिडकी लावा, माती उडते आहे."

मग प्रयोगशाळेत नवे साहेब आले. तरुण, नीटनेटके, बोलताना समोरच्या माणसाकडे बघणारे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मावशीला बोलावलं आणि उभं न ठेवता खुर्ची दिली. मावशीला तेव्हाच धास्ती वाटली. खुर्ची देऊन सांगतात ती बातमी सहसा बरी नसते.

"मावशी, शाळांच्या फेऱ्यांसाठी आपल्याकडे आता शिकवणारं कुणी नाही. तुम्ही जाता, पण तुमचं काम काचसामानाचं आहे. मी या फेऱ्या बंद करायचा विचार करतोय."

"माझं काही चुकलं का, साहेब?"

"तेच तर मला माहीत नाही. कुणालाच नाही. शेतकऱ्याला आपण चुकीचा कागद दिला तर तो भांडायला येतो, आपण दुरुस्त करतो. मुलांच्या डोक्यात चुकीचं गेलं तर ते बाहेर कोण काढणार?"

मावशीला राग यायला हवा होता, पण आला नाही. बाटलीला जरा डाग राहिला तर पुढचा अख्खा नमुना खोटा निघतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती म्हणाली, "मग बघायला या. एकदा बघा आणि मग काय ते ठरवा."

साहेबांनी कॅलेंडर बघितलं. "गुरुवारी येतो."

बुधवारी संध्याकाळी मावशीने पेट्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत उतरवून घेतल्या. जे दीड वर्ष सहज जमत होतं ते आता एकदम परीक्षेचं झालं होतं. तिने बोलायचे मुद्दे कागदावर लिहिले होते आणि नवऱ्याला समोर स्टुलावर बसवलं होतं.

"तुम्ही चौथीतली मुलं."

"सगळी?"

"सगळी. आणि मध्ये बोलायचं नाही."

"चौथीतली मुलं मध्ये बोलतात," नवरा म्हणाला.

तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. मुद्द्यांबरोबर पाणी शिंपडलं, कारण हात चालल्याशिवाय तिला तोंड चालवता येत नसे. मग एक वाक्य विसरलं म्हणून पुन्हा. मग "मृदा" म्हणावं की "माती" म्हणावं यावर वाद झाला म्हणून पुन्हा. नवव्या वेळी नवऱ्याने हात जोडले. "अगं, आता मीसुद्धा शिकवू शकेन. बस कर. मातीलाही पाठ झालं असेल." तरी तिने आणखी तीनदा केलं. तिची नजर सगळा वेळ कागदावर होती. बरणीकडे एकदाही गेली नाही.

गुरुवारची शाळा गावाच्या कडेला होती, चढावर. मोठं मैदान, आणि ते असं झाडलेलं की एक काडी दिसेल तर शपथ. मैदानाच्या मध्यावर एकच जुनं झाड. मुख्याध्यापिकांनी साहेबांना फाटकापासूनच सांगायला सुरुवात केली, "स्वच्छतेत आमची शाळा पहिली असते. पान पडायची खोटी, मुलं उचलतात." मावशीला ते कौतुकाचंच वाटलं. स्वच्छतेचं तिला नेहमीच कौतुक वाटे.

चौथीचा वर्ग भरला. साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले. हळूभाऊ पाण्याचे कॅन ठेवून दाराशी थांबला. मावशीने मातीचा वास दिला, डोळे बंद करून ओळखायला लावलं, मुलं हसली, तिचंही दडपण जरा कमी झालं. मग तिने तीन मुलींना तीन डबे दिले. "सगळ्यांनी एकदम. एक, दोन, तीन."

पाणी पडलं. गवताच्या पेटीतून नितळ पाणी थेंब थेंब आलं. पानांच्या पेटीतून फिकट तपकिरी. आणि उघड्या पेटीतून?

उघड्या पेटीतून पाणी भसकन आलं खरं, पण स्वच्छ. विहिरीतून आत्ता काढल्यासारखं. बरणीतून पलीकडचा फळा दिसत होता, फळ्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. मावशीच्या मोरीवर ती बरणी हमखास पास झाली असती.

"तर मुलांनो," मावशी सवयीने म्हणाली आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

"उघडी माती सगळ्यात चांगली!" खिडकीजवळच्या एका मुलाने निकाल देऊन टाकला.

"हो, पानांनी पाणी घाण होतं!" दुसरा म्हणाला. "म्हणून आपण पानं झाडतो!"

सगळ्या वर्गाला ते पटलं. मुख्याध्यापिकांनाही पटलेलं दिसलं, कारण त्या मान डोलवत होत्या. मागच्या बाकावर साहेबांनी पेन उचललं.

हळूभाऊ कॅन उचलायच्या निमित्ताने जवळ आला. ओठ न हलवता पुटपुटला, "मावशी, कुंडीतली माती आणतो मूठभर. तुम्ही त्यांना दोन मिनिटं बोलण्यात ठेवा. कुणाला काही कळणार नाही."

दोन मिनिटं काही फार नव्हती. मावशीने साहेबांकडे बघितलं. वर्गाकडे बघितलं. चाळीस डोक्यांत आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, चुकीचं शिरलं होतं, आणि ते शिरायला तिचाच हात लागला होता. मूठभर माती आणून चिखल काढता आला असता, पण मग त्या खिडकीजवळच्या मुलाने जे बघितलं त्याचं काय? त्याने काही खोटं बघितलं नव्हतं.

"राहू दे," ती हळूभाऊला म्हणाली. मग वर्गाला म्हणाली, "मुलांनो, दीड वर्ष झालं मी हे दाखवते. दर वेळी या पेटीतून चिखल येतो. आज आला नाही. का आला नाही, ते मला माहीत नाही."

मोठं माणूस वर्गात उभं राहून मला माहीत नाही म्हणतं, हे मुलांना नवीन होतं. साहेब उठायला लागले, बहुतेक समजावून सांगायला. मावशीने त्यांच्याकडे हात केला. "साहेब, पाच मिनिटं द्या. मला वाटतं सापडेल." साहेब पुन्हा बसले.

तिने पेटीत बोटं घातली. खर्रर्र आवाज झाला. वर नुसते खडे होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, बोटांना टोचणारे. तिने ते बाजूला सारले. खाली जाड वाळू. आणि पेटीच्या आतल्या पत्र्यावर, वरच्या कडेला लागूनच, एक मातकट रेघ होती. माती कधीकाळी तिथवर होती. आता ती रेघेच्या दोन बोटं खाली होती.

मावशीच्या डोक्यात मोरी आली. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी.

"कुणाचे हात घाण आहेत?" तिने विचारलं.

कुणीच हात वर केला नाही. स्वच्छतेत पहिली आलेली शाळा ती. शेवटी समोरचा एक दात पडलेली एक मुलगी उठली. "मी मधल्या सुट्टीत खड्डा खणत होते," ती म्हणाली आणि मुख्याध्यापिकांकडे न बघता पुढे आली. तिचे हात कोपरापर्यंत मातीने माखलेले होते.

मावशीने तीन रिकाम्या बरण्या ओळीने ठेवल्या. पहिल्या बरणीवर मुलीचे हात धरले आणि पाणी ओतलं. बरणीत चिखल. दुसऱ्या बरणीवर ओतलं, फिकट चहा. तिसरीवर ओतलं. नितळ.

"तिसरं पाणी स्वच्छ का आलं?"

"हातावर घाण उरलीच नाही म्हणून," मुलगी म्हणाली. तिला हे विचारणंच विचित्र वाटलं. मग ती पेटीकडे वळून बघायला लागली. तिने खड्यांवर बोट फिरवलं. "मावशी, या पेटीला तुम्ही किती वेळा पाणी घातलंय?"

"दीड वर्ष. आणि कालच्या एका संध्याकाळी बारा वेळा." मावशीने कबूल करून टाकलं. दाराशी हळूभाऊने कपाळाला हात लावला.

"मग हिची माती धुऊन धुऊन संपली," मुलगी वर्गाला म्हणाली. "खडेच राहिलेत. खड्यांतून काय येणार? पाणीच येणार."

"पण पाणी स्वच्छ आहे ना!" खिडकीजवळचा मुलगा सहजासहजी हरणारा नव्हता.

"ये इकडे," मावशीने त्याला बोलावलं. "हिच्यात बी पेरशील?"

त्याने खडे उकरले, वाळू उकरली, तळाचा पत्रा नखाला लागला. "यात काय उगवणार? दगड?"

"आणि गवताच्या पेटीत?"

त्याने गवतात बोट खुपसलं. ते मऊ मातीत पार पेरापर्यंत गेलं. गवताच्या पेटीलाही तेवढंच पाणी पडलं होतं, दीड वर्ष, शिवाय बारा वेळा. मुलगा बोट बाहेर काढून बघत राहिला. मग बोटाची माती चड्डीला पुसून तो जागेवर जाऊन बसला, म्हणजे त्याला पटलं होतं.

मावशीची चूक अगदी साधी होती. मॅडम दर सत्राच्या सुरुवातीला उघड्या पेटीत ताजी माती भरायच्या. ते काम त्या एकट्याच, रविवारी वगैरे करून टाकत, म्हणून मावशीला ते कधी दिसलं नाही. आणि मॅडमच्या पेट्यांना आपण कशाला हात लावायचा, म्हणून दीड वर्ष तिने त्या जिवापाड जशाच्या तशा जपल्या. पाणी हळूहळू फिकट होत गेलं, पण रोज डोळ्यांसमोर असलेलं मूल कधी वाढलं ते घरच्यांना कळत नाही, तसं तिलाही कळलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण दात पडलेली मुलगी हात पुसत म्हणाली, "मावशी, माझा खड्डापण असाच आहे. वर नुसते खडे."

"कुठे खणलास?"

"झाडाजवळ."

सगळा वर्ग झाडाजवळ गेला. मागून साहेब, त्यांच्या मागून मुख्याध्यापिका, "ओळ करा, ओळ करा" म्हणत. मैदान खरंच खड्यांचं होतं, झाडून झाडून गुळगुळीत दिसणारं, पण बोटाने खरवडलं की खडेच खडे. आणि झाडाची मुळं जमिनीवर आलेली होती, जाडजूड, एखाद्या म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी. मुलं त्यांवर रोज बसत, उड्या मारत. ती वर का आहेत हे कुणी विचारलं नव्हतं.

"झाड मुळं हवेत लावतं का?" मावशीने विचारलं.

चाळीस डोकी एकदम खाली वाकली. साहेबांनी एका मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी मागून घेतली, गुडघ्यावर बसले आणि जमिनीपासून मुळाच्या वरच्या बाजूपर्यंत मोजलं. पट्टी पुरली नाही. तेव्हा त्यांनी वीत लावली. एक वीत, वर दोन बोटं. त्यांच्या पँटचे दोन्ही गुडघे मातकट झाले आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"हे झाड किती वर्षांचं आहे?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"मी लावलंय," मागून आवाज आला. शाळेचे शिपाईकाका झाडू घेऊन उभे होते. "नोकरीला लागलो त्या वर्षी. सव्वीस वर्षं झाली. तेव्हा जमीन इथे होती." त्यांनी बुंध्यावर हात टेकवून दाखवला. मग जरा थांबून म्हणाले, "आणि फाटकाजवळच्या गटारात दरवर्षी गाळ भरतो, तो पण मीच काढतो. मऊ, काळा गाळ. लोक घरच्या कुंड्यांसाठी घेऊन जातात."

मग खिडकीजवळचा मुलगा ओरडला, "काका, तुम्ही आमचं मैदान वाटून टाकलंत!"

सगळे हसले, शिपाईकाकाही हसले, पण झाडूकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. सव्वीस वर्षं या माणसाने पान पडू दिलं नव्हतं. मावशीने ते बघितलं. बावीस वर्षं स्वच्छ करत आलेल्या बाईला ते बघायला वेळ लागला नाही.

"काका, झाडू टाकू नका," ती म्हणाली. "फक्त पानं बाहेर नेण्याऐवजी झाडाभोवती लोटा. उतारावर गवत येऊ द्या, त्याला पाय लागणार नाही असं काहीतरी करू. गटारातला गाळ कुणाला देऊ नका. तो यांचा आहे." तिने मुलांकडे बोट केलं. "तो परत इथे आणून टाकायला चाळीस जण आहेत."

"पण बाई, पाचोळा मैदानात?" मुख्याध्यापिकांना ते गिळवेना. "बघायला येणारे काय म्हणतील?"

"झाडाला स्वेटर घातलाय म्हणावं," दात पडलेली मुलगी म्हणाली. मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे डोळे मोठे केले, आणि मग त्यांना हसू आलं. झाडाभोवतीच्या घेरापुरतं त्यांनी मान्य केलं. सगळ्या मैदानाचं नाही. मावशीने तेवढं घेतलं आणि आभार मानले.

परतताना साहेब पुढे हळूभाऊच्या शेजारी बसले होते, मावशी मागे पेट्यांजवळ. हळूभाऊने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

"मावशी, मी अहवालात लिहिणार आहे, पेटीचा प्रयोग फसला," शेवटी साहेब म्हणाले.

"लिहा साहेब. फसलाच."

"आणि पेटीत माती भरायला हवी हे तुम्हाला माहीत नव्हतं, हेही लिहिणार."

"तेही खरंच आहे."

मावशीने बाहेर बघितलं. म्हणजे उद्यापासून मोरी, एवढंच ना. बावीस वर्षं केली, आणखी काही वर्षं. दीड वर्ष मिळालं हेही काही थोडं नव्हतं, असं तिने स्वतःला सांगून बघितलं. ते काही पटलं नाही.

"पुढचं ऐका," साहेब म्हणाले. ते वळून मागे बघत होते. "मी दहा वर्षं मातीचं शिकलो. मुळं किती उघडी पडली यावरून किती माती वाहून गेली ते काढतात, हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय. रोज ज्या झाडाखालून चालत शाळेत गेलो, त्याची मुळं एकदाही मोजली नाहीत. आज चौथीतली चाळीस मुलं माझ्या आधी तिथे पोचली. फेऱ्या चालू राहतील. वर्षअखेरपर्यंत माझ्या जबाबदारीवर. पण एक अट आहे. दर शनिवारी माझ्यासमोर बसायचं आणि त्या आठवड्यात काय काय चुकलं ते सांगायचं. जे माहीत नसेल ते आपण दोघं शोधू."

मावशीच्या आधी हळूभाऊच बोलला. "साहेब, शनिवार पुरायचा नाही. मावशीचे प्रश्न तुम्ही अजून ऐकले नाहीत."

"माझीपण एक अट आहे," मावशी म्हणाली आणि स्वतःच दचकली. पण तोंडातून गेलं ते गेलं. "एक तास पुरत नाही. दोन हवेत. पेट्या दाखवून झाल्या की मुलांना त्यांच्याच शाळेच्या आवारात न्यायचं. माती कुठून जाते, कुठे साठते, ते त्यांनीच शोधायचं. आज पेटी फसली नसती तर आम्ही बाहेर गेलोच नसतो."

"मग दिवसाला दोन शाळा जमणार नाहीत. एकच होईल."

"हो."

"म्हणजे निम्म्या शाळा गळतील, मावशी. निम्मी मुलं."

तिने यादीतल्या शाळा मनात मोजल्या. कुठल्या शाळेच्या दाराशी बूट कसे ओळीने लावलेले असतात, हेसुद्धा तिला आठवत होतं. निर्णय जड होता, आणि तो तिच्यावर सोडला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "गळणार नाहीत," ती सावकाश म्हणाली. "उशिरा नंबर लागेल. मी स्वतः जाऊन सांगेन त्यांना, कधी ते. पण आता अर्धवट काही दाखवायचं नाही."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

पुढच्या मंगळवारी गाडी दुसऱ्या एका शाळेत शिरली. हेही मैदान आरशासारखं झाडलेलं. उघड्या पेटीत ताजी माती होती, मावशीने रविवारी नवऱ्याला सोबत घेऊन भरलेली. मुख्याध्यापक स्वागताला आले. ती पेट्यांकडे न जाता सरळ कुंपणाच्या कडेला गेली, उकिडवी बसली आणि नखाने जमीन खरवडायला लागली.

"अहो बाई," मुख्याध्यापक धावत आले, "तिथे कशाला हात घालता? काल मुलांनी अख्खा दिवस घालवून साफ केलंय ते!"

"म्हणूनच," मावशी वर बघून म्हणाली. "बसा ना जरा. इथे. पँट खराब होईल, पण बसा."

मुख्याध्यापकांनी ड्रायव्हरकडे बघितलं. हळूभाऊने मान हलवली, "बसा सर, बसा. आमचे साहेबपण बसतात."